रेशनची पिशवी

धुणीभांडी करायला येणाऱ्या सुमनची कापडी पिशवी आज पुन्हा आमच्या चपलांच्या रॅकवर आहे. कालचीच घडी, तशीच.

काल आल्याआल्या ती म्हणाली होती, "वहिनी, आज रेशनचा शेवटचा दिवस. दुकान बारापर्यंतच उघडं असतं. जरा लवकर जाऊ?"

घरी पाहुणे जेवायला होते. "एवढी भांडी आवर आणि पळ," मी म्हणाले. भांडी वाढतच गेली.

"शटर पडलं होतं," आज तिनं सहज सांगितलं. महिना संपला, त्याबरोबर त्या महिन्याचे तांदूळही गेले. सरकार तिला धान्य देतं, पण ते घ्यायची वेळ नेमकी तिच्या कामाची. हे कुठे वाचलं असतं तर मी व्यवस्थेवर चिडले असते. काल बारा वाजेपर्यंत ती व्यवस्था माझ्याच स्वयंपाकघरात उभी होती, आणखी एक पातेलं मोरीकडे सरकवत.

सुमन निघताना मी तिच्या पिशवीत कालचा उरलेला मसालेभात ठेवला.

"कशाला हो, वहिनी?"

"असू दे गं," मी म्हणाले, अगदी मोठ्या मनाच्या बाईसारखी.