हट्ट्याचा हरभरा आणि चार डबे

पत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात माझी सही होती. छापलेली.

काशीबाईंनी ते पत्रक माझ्या टेबलावर पसरलं आणि सहीवर बोट ठेवलं.

"ही तुमचीच ना, बाई?"

सही माझीच होती. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. एका खासगी संस्थेच्या लहानशा लॅबमध्ये मी माती तपासायचं काम करायचे. पत्रकाच्या वरच्या भागात हिरव्यागार हरभऱ्याचा फोटो होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खारवट जमिनीतही येणारा जीनचा हरभरा'. खाली आमच्या लॅबचा रिपोर्ट जसाच्या तसा छापला होता. मौजे हट्टा, डेमो प्लॉट, जमीन अति खारवट.

मी स्वभावाने संशयी आहे. दूधवाल्याचं दूध मी घरच्या मापाने पुन्हा मोजून घेते. माझ्या या सवयीवर घरात रोज थट्टा होते. आणि हा रिपोर्ट मात्र मी डोळे झाकून दिला होता. पत्रक छापणाऱ्याच्या आधी मला माझाच राग आला.

काशीबाई हट्ट्याच्या. जातीने धनगर, साठेक मेंढ्यांचा कळप. तीन एकर रान होतं, पण कालव्याचं पाणी मुरून मुरून त्यावर मीठ फुटलं होतं. उन्हाळ्यात ते पांढरं दिसायचं. त्यात काही येत नसे.

"पोरगं म्हणून राहिलं, मेंढरं विकून टाकू अन् हे बियाणं पेरू. पुढल्या आठवड्यात जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला गिऱ्हाईक येऊन राहिलं. म्या म्हणलं, आधी सहीवाल्याला इचारते."

"बियाणं चांगलं आहे असं मी कुठं लिहिलंय?"

"मग काहून सही केली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांना कसं सांगावं कळेना. दसऱ्याच्या आधी बियाण्याचा एजंट मातीची पिशवी घेऊन आला होता. फॉर्म नीट भरलेला, बोलणं गोड. आम्ही माती पाण्यात कालवून ईसी मीटरमध्ये तपासतो. या यंत्रातून पाण्यात वीज सोडतात. मीठ जास्त असेल तर वीज जास्त वाहते आणि आकडा चढतो. त्या पिशवीतल्या मातीचा आकडा भलताच चढला. तो मी लिहिला आणि सही केली. पिशवी कुठून भरली हे विचारलं नाही.

आता जीनबद्दल. जीन म्हणजे पेशीला मिळालेली सूचना, अमुक कर, तमुक करू नको. खारवट मातीत झाडाला समोर पाणी असून पिता येत नाही, कारण मीठ ते धरून ठेवतं. जे मीठ आत शिरतं ते पानं जाळतं. काही झाडं मात्र हे मीठ पेशीतल्या एका कप्प्यात कोंडून ठेवतात. ती सूचना उचलून दुसऱ्या पिकात घालायची, असे प्रयोग तेव्हा मोठ्या लॅबमध्ये खरोखर चालू होते. बीटी कापूस नुकताच आला होता, त्यामुळे जीन हा शब्द पारावर पोचला होता. एजंटची थाप पूर्ण खोटी नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी आमच्या इनचार्जसाहेबांकडे गेले.

"साहेब, हट्ट्याच्या रिपोर्टमध्ये गडबड वाटते."

"आकडा चुकलाय?"

"आकडा बरोबर आहे."

"मग?"

"माती कुठली आहे ते माहीत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, आपण पिशवी तपासतो. शेत नाही."

तरी माझ्या आग्रहाखातर ते प्लॉटवर आले. एजंटने चहा ठेवला होता. प्लॉटचे दोन भाग होते. वरच्या अंगाला, कालव्याच्या चारीलगत, त्याचा हरभरा गुडघ्याला लागत होता. खालच्या भागात साधा हरभरा, पिवळा पडून मेलेला. मधे पाटी. बघताक्षणी कुणालाही पटावं.

एजंटने साहेबांच्या हातात एक पान दिलं. "चाखून बघा सर. खारट लागतंय? जमिनीतलं मीठ ओढून पानात आणलंय. हाच जीन."

साहेब पुण्यात वाढलेले. त्यांनी पान चाखलं आणि मान डोलावली. "खरंच की."

मेंढ्या चारत तिथं आलेल्या काशीबाईंकडे मी बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हरभऱ्याच्या पानावर आंब असते आणि कुठलाही हरभरा आंबट-खारटच लागतो, हे हट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाडीत बसल्यावर मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी रुमाल काढून ओठ पुसले.

पण खरी गोष्ट मला प्लॉटवरच काशीबाईंनी दाखवली होती. त्यांच्या मेंढ्या बांधावर चरत होत्या. खालच्या अंगाच्या सात-आठ मेंढ्या मान खाली घालून माती चाटत होत्या.

"मेंढराला मीठ लागतं, बाई. जिथं मीठ फुटलं तिथं जीभ लावतंय. आता वरल्या अंगाला बघा."

वरच्या अंगाला मेंढ्या बांधावरचं गवत खात होत्या. मातीला एकही तोंड लावत नव्हती.

मग मला चारी दिसली. कालव्याचं पाणी दोन वर्षं तिथून झिरपून वरच्या पट्ट्यातलं मीठ धुऊन खाली नेत होतं. खाली निचरा नाही, म्हणून तिथं मीठ साचलं. एजंटने पिशवी खालून भरली आणि त्याचं बियाणं वर पेरलं. एकाच प्लॉटच्या नावावर माझा आकडा दोन्हीकडे चिकटला.

हा झाला संशय. पुरावा नव्हता. बियाण्यात जीन आहे की नाही हे तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. मग मी साधा उपाय काढला. वनस्पती तुपाचे चार रिकामे डबे घ्यायचे, दोनमध्ये वरची माती, दोनमध्ये खालची. प्रत्येक मातीत एक डबा एजंटच्या बियाण्याचा, एक घरच्या हरभऱ्याचा. त्याने नमुन्याची पुडी फुकट वाटलीच होती.

"मावशी, डबे लॅबमध्ये ठेवते. पुढच्या बाजारापर्यंत मेंढ्या विकू नका."

"तुमीच सही करता अन् तुमीच थांबा म्हणता." काशीबाई शांतपणे म्हणाल्या. "डबे माझ्या दारात ऱ्हातील. माती मी भरीन. बी मी टोचीन."

त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. मी डब्यांना तळाशी भोकं पाडली, पाण्यासाठी लॅबचं एक माप दिलं आणि आले.

सहाव्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज चढलेला होता. "म्याडम, खालच्या मातीत कंपनीचं बी उगवलं. दोन कोंब हायत. मेंढरं बाजारला न्यायची का?"

मी चुकले असेन तर? एका खऱ्या शोधाला मी चोर ठरवत असेन तर? "घरच्या हरभऱ्याच्या डब्यात काय आहे?" मी विचारलं.

"त्यात बी एक कोंब हाय."

"मग तीन दिवस थांब."

मी बाजाराच्या आदल्या दिवशी बसने हट्ट्याला गेले. काशीबाईंनी डबे ओळीने मांडले होते. वरच्या मातीत दोन्ही हरभरे सारखेच तरारले होते. खालच्या मातीत तिन्ही कोंब कडेने जळून तपकिरी झाले होते. जीनवाले दोन आणि बिनजीनचा एक, तिघांत काही फरक नव्हता.

मुलगा खाली मान घालून बसला. काशीबाईंनी चारही डबे घमेल्यात घेतले आणि ते डोक्यावर घेऊन पारावर गेल्या. तिथं एजंट टेबल टाकून बुकिंग घेत होता. त्याच्यासमोर त्यांनी डबे मांडले.

एजंट हसला. "आजी, डब्यात जीन काम करत नाही. जीनला मोकळं रान लागतं."

"बराबर. मग माझं रान मोकळंच हाय. तिथं पेर. उगवलं तर मेंढरं विकून समद्या गावाला बियाणं मी घेऊन देते."

लोक आता एजंटकडे बघत होते. त्याने घड्याळ बघितलं, उद्या सकाळी येतो म्हणाला. टेबल दुसऱ्याचं होतं, ते तिथंच राहिलं. तो परत आला नाही. पुढे दुसऱ्या तालुक्यात असाच कुणी गहू घेऊन फिरतो असं ऐकलं. तो हाच का, मला ठाऊक नाही, पण मला संशय आहे.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या रिपोर्टवर शिक्का बनवून घेतला, 'अहवाल आणून दिलेल्या नमुन्यापुरता'. मी मात्र एवढ्यावर थांबले नाही. पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायला लागले. किती ठिकाणी खणलं, कुठल्या अंगाला, बांधापासून किती लांब. लोक वैतागायचे.

महिनाभराने काशीबाई पुन्हा आल्या. या वेळी स्वतःच्या रानाची माती घेऊन, आठ जागची, आठ पुड्या.

"असलं बियाणं खरंच येईल का, बाई?"

"येईल कधीतरी. शोधणारे शोधतायत."

"आलं की सांगा. आधी मेंढरं फिरवून बघीन, मग पेरीन."

जाताना त्यांनी कनवटीतून ते पत्रक काढलं. घड्या पडून पडून फाटायला आलं होतं.

"ही तुमची सही. तुमच्यापाशीच असू द्या."

ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं, सही वर येईल असं. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक रिपोर्टवर सही करताना माझा हात त्याच्यावरच टेकायचा.