शेवटच्या पानावर टाकलेला दोष

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला अर्धं माहीत आहे, भावाला काहीच नाही, आणि जिला सगळं सांगायला हवं होतं तिला मी — पण ते शेवटी येईल. आधीच सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढा दम माझ्यात कधीच नव्हता. क्रमानं सांगते. क्रम लावणं हा तर माझा धंदाच आहे.

धंदा असा. कंपन्या आपलं सॉफ्टवेअर आम्हाला देतात आणि म्हणतात, चोरासारखे आत घुसून दाखवा. आम्ही घुसतो. कुठली कडी सैल आहे, कुठली खिडकी नुसतीच लोटलेली आहे, ते शोधतो. दोष ढिगानं सापडतात, आणि सगळे बुजवायला कुणालाच सवड नसते. म्हणून खरं काम शोधण्याचं नाहीच — कुठला आधी आणि कुठला मागाहून, हे ठरवण्याचं आहे. लाल म्हणजे आजच्या आज बुजवा. पिवळा म्हणजे लवकर बघा. हिरवा म्हणजे सवडीनं, आणि सवड कधी कुणाला मिळाली आहे? हिरवे दोष अहवालाच्या शेवटच्या पानावर जातात. शेवटचं पान कोण वाचतं?

कंपनी हैदराबादची, मी आदिलाबादला घरीच वरच्या खोलीत बसून काम करते. गल्लीतल्या लोकांना वाटतं मी कम्प्युटर दुरुस्त करते; एकानं तर बिघडलेला प्रिंटर आणून दारात ठेवला होता. मीही कुणाला समजावत बसत नाही. थकवा येतो समजावायचा.

तर एकदा असं काम आलं — रक्त तपासणाऱ्या छोट्या लॅबसाठी केलेलं सॉफ्टवेअर. पेशंटनं घरबसल्या मोबाइलवर आपला रिपोर्ट पाहायचा. बऱ्याच गावच्या लॅबनी ते घेतलं होतं, आमच्या गावातल्या एका लॅबनंही. खरं तर अशी तपासणी खोट्या माहितीवर करतात. पण मालकांना घाई होती. म्हणाले, चालू आहे त्याच्यावरच करा.

दोष लगेच सापडला. आपला रिपोर्ट उघडला की वरच्या पत्त्यात शेवटी एक आकडा दिसायचा. तो बदलायचा — की दुसऱ्याचा रिपोर्ट समोर. बस. याला हुशारी लागत नाही, थोडा हलकटपणा पुरतो. याहून लाल दोष माझ्या पाहण्यात नाही. अशा वेळी एक-दोन आकडे बदलून खात्री करायची, पुरावा ठेवायचा आणि थांबायचं, हा नियम.

मी थांबले नाही.

त्याच दिवसांत माझ्या धाकट्या भावाचं, नीलेशचं, लग्न जमत होतं. तो निर्मल गावी नोकरीला. मुलगी तामसीकडची, अश्विनी. बीएड झालेली, घरची कापूस-ज्वारीची शेती, माणसं सरळ. पाहणं झालं होतं, दोघं फोनवर बोलायलाही लागले होते. सुटीला आला की नीलेश फोन घेऊन गच्चीवर जायचा आणि उतरताना उगाचच माझी वेणी ओढायचा, इतका खूश. आता फक्त बैठक राहिली होती. आमच्यात बैठकीआधी चौकशी करतात — तुमच्यातही करत असतील. मुलीकडच्या गावचं कुणीतरी गाठायचं, चहा पाजायचा, इकडचं तिकडचं बोलत मुद्द्यावर यायचं. आई मला म्हणालीच होती, "तूबी कर जराशी चौकशी. तुले कोनी ना कोनी भेटनच."

अश्विनीची आई बोलता बोलता एक सांगून गेली होती: पोरगी मधे थकायची, म्हणून कविताच्या लॅबमध्ये सगळं तपासलं, काही निघालं नाही. कविता म्हणजे अश्विनीची मावसबहीण, नार्नूरची. इथल्या त्याच लॅबमध्ये काउंटरवर बसायची.

तीच लॅब. तेच सॉफ्टवेअर. आणि माझ्यापुढं तो आकडा.

एकेक आकडा मागे जात राहिले. मधे कुणाकुणाचं काय काय उघडलं! गल्लीतल्या मास्तरांची साखर. एका ओळखीच्या सुनेची चाचणी — दिवस गेल्याचं तिनं अजून घरीही सांगितलं नसावं. दुसऱ्या दिवशी ती भाजीबाजारात भेटली तेव्हा मी हसून विचारलं, बरी आहेस ना? कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं असतं. आणि खाताना कुंपणाला काही वाटत नाही, उलट गंमत वाटते. खोटं कशाला बोलू?

मग अश्विनीचं नाव आलं. सगळं ठीक होतं, एक ओळ सोडून. सिकलसेलची वाहक.

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याला भितात. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहकाला सहसा काही होत नाही. नवराही वाहक निघाला तरच पुढं मुलांना धोका. म्हणून नवऱ्यानंही रक्त तपासून घ्यायचं, इतकंच. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. दिवसभर मी हेच तर करते — हा दोष खरंच किती घातक, कुणाला, कुठल्या परिस्थितीत? नीलेशला एवढंच म्हणायचं होतं की जा, रक्त देऊन ये. पण मला राग आला होता. काही निघालं नाही म्हणाले, आणि हे काय? आमच्यापासून लपवलं! दुसऱ्याच्या घरात चोरून शिरलेली मी, आणि घरच्यांनी कपाट लावून घेतलं म्हणून त्यांच्यावरच चिडले होते.

खाली गेले आणि आईला म्हणाले, मुलीच्या रक्तात दोष आहे.

कुठून कळलं हे तिनं विचारलं नाही. हातातली मेथी सुपात ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं, येळेवर समजलं." तामसीला निरोप गेला की पत्रिका जमत नाही. नीलेशलाही तेच सांगितलं. त्यानं काऊन, काऊन म्हणून दोन दिवस डोकं खाल्लं, मग निर्मलला निघून गेला. त्यानंतर गच्चीवर गेला नाही.

आईनं फक्त मावशीला सांगितलं होतं. फक्त मावशीला — आता यावर मी काय बोलू? पुढच्या लग्नसराईपर्यंत ते तामसीला जाऊन पोचलं, तेही वाढून, आणि कुणाकडून निघालं ते वाटेत गळून: पोरीला काहीतरी मोठं आहे. अश्विनीची आणखी दोन स्थळं परत गेली.

पण ते नंतरचं; स्थळ मोडलं त्याच आठवड्यात इकडे माझा अहवाल लिहायची वेळ आली. तो दोष लाल लिहायला हवा होता, पहिल्या पानावर, पहिला. पण लाल लिहिला की मालक आधी काय करतात? आजवर या वाटेनं कोण कोण येऊन गेलं, याच्या नोंदी काढून बघतात. त्यात मी दिसले असते. नियमापुरती नव्हे — पायरी पायरीनं मागे गेलेली, आणि एका नावाशी थांबलेली. म्हणून मी तो हिरवा केला. कारणंही सुचली, आमच्या धंद्यात ती नेहमी सुचतात: आधी लॉगिन करावं लागतं, आकडा ओळखावा लागतो, सामान्य माणसाला जमणार नाही. आमचे सर जुने, माझ्यावर भरवसा असलेले. त्यांनी वरवर चाळून म्हटलं, तुम्ही पाहिलंय ना, मग प्रश्नच नाही.

पुढं बोभाटा झाल्यावर अश्विनीच्या घरच्यांनी लॅबमध्ये जाऊन जाब विचारला. आमच्या पोरीचं बाहेर कसं गेलं? लॅबवाल्यानं सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, त्यांनी माझाच अहवाल पुढं केला — बघा, तपासून घेतलंय, मोठा दोष एकही नाही. म्हणजे यंत्र निर्दोष. मग राहिलं कोण? काउंटरवर बसणारी, मुलीच्याच नात्यातली. चोर सोडून संन्याशाला सुळी! कविताची नोकरी गेली, आणि अश्विनीनं तिच्याशी बोलणं सोडलं. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या दोघी.

इथवर जे सांगितलं ते मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते सांगायला मला आता काही वाटतही नाही. खरी गोष्ट यापुढं आहे.

एका दुपारी कविता आमच्या घरी आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की मी याच कामात आहे. दार मीच उघडलं. वाटलं, हिला समजलं. पण तिच्या हातात सीताफळांची पिशवी होती. भांडायला येणारं माणूस सीताफळं घेऊन येत नाही. आई तिला पाहून जी स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.

कविता खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "ताई, म्या कोनाले सांगतलं नाई. अश्विनीचा कागद म्या पाह्यलाबी नाई नीट. तुमी त्याच कामात हाव, म्हनून इचारून राह्यली — बाहेरून कोनी पाहू शकते काय हो?"

साधा प्रश्न होता. जगात त्याचं उत्तर नक्की माहीत असलेली मी एकटी होते, आणि ती बरोबर माझ्याच दारात आली होती. एक "हो" पुरेसा होता. कुणी पाहिलं हे सांगायचीही गरज नव्हती. नुसतं हो, पाहू शकतं. तेवढ्यावर ती तामसीला गेली असती, लॅबमध्ये गेली असती, ताठ मानेनं.

मी म्हणाले, "नाही गं. बाहेरून कसं दिसेल?"

वर समजावूनही सांगितलं, अगदी मायेनं — कुलूप कसं असतं, किल्ली कशी असते. किती सफाईनं बोलले मी! ती ऐकत होती, मान डोलावत होती. मग बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत बसली आणि म्हणाली, "मंग मायाच तोंडातून निंगालं असन कुठंतरी. मलेच आठोन नाई."

तेव्हाही बोलता आलं असतं. मी चहा आणायला उठले.

ती त्यानंतर तामसीला गेली आणि अश्विनीची माफी मागून आली. न केलेल्या गोष्टीची. दोघी पुन्हा बोलतात, असं कानावर आहे. अश्विनीचं पुढं लांब नांदेडकडं लग्न झालं. मी ओळखीनं कविताला एका चष्म्याच्या दुकानात लावून दिलं, तेव्हा ती माझ्या पाया पडायला वाकली होती. मी तिला धरलं नाही वेळेवर.

तो दोष नंतर दुसऱ्या कुणाच्या तपासणीत सापडला. त्यांनी तो लाल लिहिला, पहिल्या पानावर. जुन्या नोंदी तोवर पुसल्या गेल्या होत्या. मला हे समजलं तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. कविताची आठवण त्यानंतर आली, बऱ्याच वेळानं.

नीलेशचं लग्न झालं, त्याला एक मुलगी आहे. त्याचं रक्त आजही तपासलेलं नाही, त्याच्या बायकोचंही नाही. मी सुचवलं तर का सुचवते हे सांगावं लागेल.

सीताफळांचे दिवस आले की नार्नूरच्या बसनं पिशवी येते, दर वर्षी. कविता फोन करून सांगते, ताई, वरचे पिकले हायेत, ते आधी खा. आई त्यातली चार नीलेशच्या पोरीसाठी बाजूला काढते. उरलेली आम्ही दोघी खातो.