आधी तिकीट, मग बातमी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर नाही. तबूकला आल्यापासून मी हे सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. फुटबॉल क्लबातले सौदी खेळाडू मला डॉक्टर म्हणतात, गेटवरचा पहारेकरी डॉक्टर म्हणतो आणि आमचा ब्राझिलियन कोचही पहिल्या दिवसापासून डॉक्टरच म्हणायचा. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात तर अम्मीने ही पदवी मला कॉलेजात जायच्या आधीच बहाल केली होती. शेवटी मी नाद सोडला.

कोच आला तो हंगामाच्या मध्यावर. आमची टीम खालच्या डिव्हिजनमधली, तिथेही तळाशी, आणि आधीच्या कोचला नुकतंच हाकललेलं. अशा ठिकाणी कोण येणार? ज्याला दुसरीकडून बोलावणं नाही तोच. वय पन्नाशीच्या पुढे, डावा गुडघा कामातून गेलेला. खेळाडू म्हणून तो पोर्तुगाल, तुर्कस्तान, कोरिया, मेक्सिको, कतार इतक्या ठिकाणी खेळला होता, एक हंगाम गोव्यातसुद्धा. कोच म्हणून तर त्याहून जास्त फिरला. देश मोजायला लावले की बोटांवर मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, "मधे एक सायप्रस राहिलं." विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, याचं दोन बॅगांत होतं. क्लबने दिलेल्या फ्लॅटमध्ये चार महिन्यांत त्याने भिंतीला एक खिळा ठोकला नाही. कशाला ठोकायचा, म्हणायचा, काढावाच लागतो.

आमचं जमलं ते गोव्यामुळे. दर शुक्रवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. लाल समुद्राच्या काठावरून येणारी मासळी बायको आपल्या पद्धतीने नारळ-कोकमात करायची आणि हा गडी हाताने भात कालवून खायचा. जेवण झालं की आईला व्हिडिओ कॉल लावायचा. म्हातारी ऐंशीच्या पुढची, नाकात ऑक्सिजनची नळी. तिला आमचं अक्षर कळत नव्हतं, आम्हाला तिचं. पण मुलगा वाळलाय हे ती माझ्या बायकोला दर वेळी नव्याने पटवून द्यायची, स्वतःचे गाल आत ओढून. बायको हसायची, आणखी एक डाव भात त्याच्या ताटात टाकायची आणि कॅमेऱ्यात दाखवायची.

मॅचच्या दिवशी मात्र कोच फोन बंद करून फ्लॅटवर ठेवून यायचा. खेळायच्या दिवसांपासूनचा नेम होता तो. म्हणून त्याने ब्राझीलमधल्या आपल्या मुलीला माझा नंबर देऊन ठेवला. मला म्हणाला, "डॉक्टर, आईचं काही असेल तर मी मैदानात असलो तरी मला येऊन सांग. लगेच."

मी म्हटलं, "अर्थात, कोच."

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. गल्फमधल्या माणसाच्या घरी कुणी वारलं तर त्याला ते कधीच सरळ सांगत नाहीत. गावाहून फोन त्याला येत नाही, त्याच्या खोलीतल्या मित्राला येतो. मग मित्र कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, धावतात, सुट्टीचा कागद काढतात, तिकीट काढतात, बॅग भरतात. सगळं हातात आलं की मग म्हणतात, घरी जरा सीरियस आहे, जाऊन ये. मेल्याचं गावात पोचल्यावर कळतं. आधी तिकीट, मग बातमी. एकटा माणूस, परका मुलुख, रस्त्यात कोसळला तर कोण धरणार, असा त्यामागे विचार. विचार चांगलाच आहे, आणि मी त्यातच वाढलो.

माझ्यावरही ही पाळी आली होती. तेव्हा मी रियाधला बत्हा भागात पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचो. एका सकाळी खोलीतला सगळ्यात मोठा, ज्याला आम्ही भाईजान म्हणायचो, चहा घेऊन माझ्या खाटेवर बसला. "तुज्या बापास जरा बरा नाय वाटत," म्हणाला. "जाऊन ये. तिकीट काडलाव." मी घाबरलो, पण वाटलं, सीरियस म्हणजे वेळ आहे. विमानाला चार तास होते. मी बाजारात जाऊन अब्बांसाठी रक्तदाब मोजायचं मशीन घेतलं. भाईजान बरोबर आला होता. त्याने दुकानदाराशी घासाघीस केली आणि मशीनची दोन वर्षांची गॅरंटी लिहून घेतली. अब्बांना आदल्या संध्याकाळीच दफन केलं होतं आणि ते त्याला माहीत होतं. ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना सांगितली, आणि दर वेळी भाईजानच्या कौतुकानेच सांगितली. बघा, कसा जीव लावतात माणसं.

तर ती मॅच. थंडीचे दिवस, तबूकला वारा असा की ओठ फुटावेत. दुपारी पावणेचारची मॅच होती आणि आदल्या दिवशी मॅनेजरने कोचला सर्वांदेखत सांगितलं होतं, उद्या हरलो तर खलास. त्याचं खलास म्हणजे खलासच असतं. सव्वादोनला मी ड्रेसिंग रूमला लागून असलेल्या खोलीत आमच्या कॅप्टनच्या घोट्याला टेप बांधत होतो. फोन वाजला. ब्राझीलचा नंबर.

कोचची मुलगी. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. आजीला पहाटे हॉस्पिटलात नेलंय, डॉक्टर म्हणतात काही तासांचा प्रश्न आहे. पण आत्ता ती जागी आहे. मुलाचा आवाज ऐकायचा म्हणते. बाबांना फोन द्या.

कोच माझ्यापासून दहा पावलांवर होता. दार उघडंच होतं. फळ्यावर बाण काढत होता, आणि त्याचा घोगरा आवाज मुलीलाही ऐकू गेला असेल.

मी म्हणालो, "ते मीटिंगमध्ये आहेत. मी सांगतो. तुम्ही काळजी करू नका."

मला हे कुणी करायला लावलं नाही. मॅनेजरला तर मी विचारलंसुद्धा नव्हतं. ज्या गावाला जायचं नाही त्याचा रस्ता विचारू नये म्हणतात. मी तेच केलं, कारण विचारलं असतं तर मला मनातलं मोठ्याने बोलावं लागलं असतं. मनात सगळं चोख होतं. आत्ता सांगितलं तर माणूस मोडेल. मॅच जाईल, नोकरी जाईल. इथून तो करणार तरी काय? तीन-साडेतीन तास तर आहेत. एक शेवटचा आवाज मागितलाय, तो तीन तासांनी ऐकवता येत नाही, हे मात्र डोक्यात शिरलं नाही.

आणि मी कामाला लागलो. अगदी शिस्तीत. क्लबच्या कागदपत्रांचं बघणाऱ्या केरळच्या माणसाला फोन करून कोचचा एक्झिट-रीएंट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायचा परवाना, काढायला लावला. त्याने एका शब्दात ओळखलं. आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. अर्ध्या तासात कागद आला. तबूकहून जेद्दाह, तिथून पुढे साओ पावलो, तिकीटही झालं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लाज सोडून लिहितो. आपण माणसासाठी किती करतोय, असं वाटत होतं.

मॅच सुरू झाली. मी बेंचवर, फोन ट्रॅकसूटच्या खिशात, आवाज बंद. पहिल्या पाऊण तासात तो मांडीवर चारदा थरथरला. एकदा आमचा बॅक पडला म्हणून मी पेटी घेऊन आत पळालो, त्याच्या गुडघ्यावर स्प्रे मारला, आणि फोन थरथरतच होता. मध्यांतरात मी टॉयलेटमध्ये जाऊन बघितलं. मुलीचे कॉल होते आणि एक आवाजाचा मेसेज. मेसेज ऐकला नाही. दुसऱ्या हाफमध्ये फोन एकदाच थरथरला आणि मग शांत झाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंच.

आम्ही एक गोलने जिंकलो. कोच गुडघा विसरून धावला आणि पहिली मिठी मला मारली. उचललंच मला. कानात म्हणाला, "ये शुक्रवारी माझ्या फ्लॅटवर, मी स्वयंपाक करतो." मी त्याच्या पाठीवर थोपटत होतो आणि त्याच्या खांद्यावरून फोन उघडून मुलीचा शेवटचा मेसेज वाचत होतो. आजी गेली होती. मॅच सुरू झाल्यानंतर वीस मिनिटांनी.

आता तरी सांगायचं ना? नाही. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "कोच, आई जरा सीरियस आहेत. तुम्हाला निघावं लागेल. तिकीट काढलंय, एक्झिटही झालाय."

मेलेल्या बाईला मी सीरियस म्हटलं. भाईजानचीच चाल, सूरही तोच.

त्याने तिकिटाकडे बघितलं नाही. विचारलं, "फोन कधी आला?"

मी म्हटलं, "मघाशी."

त्याने माझ्या हातातून फोन घेतला. स्क्रीनवर कॉलच्या वेळा होत्याच. त्याने मुलीला फोन लावला, तिथेच भिंतीला टेकून उभ्याउभ्या बोलला. त्यांची भाषा मला येत नाही. एवढंच दिसलं की तो दोनच वाक्यं बोलला आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. आत पोरं बाटल्या बडवत गात होती.

फोन खाली घेऊन तो म्हणाला, "मी चोवीस वर्षांचा होतो, तुर्कस्तानात. माझा बाप सकाळी गेला. क्लबच्या प्रेसिडेंटने मला संध्याकाळी सांगितलं, मॅचनंतर. मी दोन गोल मारले होते. त्याला तीन पॉइंट हवे होते, डॉक्टर. मला ते समजतं." मग माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "तुला काय हवं होतं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी तुमच्यासाठीच, तुमच्या नोकरीसाठी, असलं काहीतरी ओठांवर आलं होतं. पण खरं उत्तर मला त्या क्षणी कळलं होतं आणि ते फार हलकं होतं. त्याला सांगताना त्याचा चेहरा मला बघायचा नव्हता. बस, एवढंच. बाकी सगळी रीत, सगळी माया, सगळी तिकिटं त्या एका भित्रेपणावर घातलेली चादर होती. अब्बांची बातमी लपवलेली मी इतकी वर्षं गोड मानून घेतली, ते लपवणं कुणाच्या सोयीसाठी होतं, हेही मला त्याच भिंतीपाशी कळलं. भाईजानचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा.

विमानतळावर मीच सोडलं. दुसरं कोण होतं? फ्लॅटवरून दोन्ही बॅगा घेऊन आला, म्हणजे परत यायचं नाही हे उघड होतं. सूर्य नुकताच बुडाला होता, मगरिबची अजान चालू होती. गाडीत बसल्यावर त्याने हात पुढे केला. "मेसेज," म्हणाला. "मुलीने तुझ्या फोनवर पाठवलाय."

मी फोन दिला. त्याने तो लावला.

म्हातारीचा आवाज. मागे कुठल्यातरी यंत्राची टिकटिक. ती थोडं बोलली आणि थांबली. मला वाटलं, दम लागला असेल. मग पुन्हा थोडं बोलली, प्रश्न विचारल्यासारखं, आणि पुन्हा थांबली.

"हे असं का थांबतायत त्या?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मुलीने तिला सांगितलं, मी फोनवर आहे," तो म्हणाला. "ती माझ्या उत्तरासाठी थांबतेय."

पुढचा सिग्नल लागला. मग त्याने मेसेज पुन्हा लावला. या वेळी ती थांबली तेव्हा तो बोलला, हळू, पोर्तुगीजमध्ये. त्याचं वाक्य लांबलं आणि ती मधेच पुढचं बोलू लागली. त्याने परत पहिल्यापासून लावलं. विमानतळाची पाटी आली तोवर कुठे किती थांबते हे त्याला पाठ झालं होतं, आणि आता तो कुठेही आईच्या बोलण्याच्या आड येत नव्हता. मी गाडी चालवत राहिलो.