तिसगावची खोली

प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचा मला राग आहे आणि वयाबरोबर तो कमी व्हायचं नाव घेत नाही. त्यांच्या नायिकेला नायक दिसला रे दिसला की तिच्या काळजात उजेड पडतो, जन्मोजन्मीची ओळख पटते. मग ती त्याच्या घराचा उंबरा ओलांडते आणि तिला वाटतं, हेच ते, हेच आपलं घर. त्या घरात पाणी कुठून भरायचं आणि छप्पर गळतं का, हे कुणी लिहीत नाही.

असल्या कादंबऱ्या आमच्या पाळकसाहेबांच्या बायकोकडे, पाळकीणबाईंकडे, ट्रंकभर होत्या. रविवारी उपासनेत त्या डोळे मिटून बसत आणि सोमवारपासून डोळे फाडफाडून हे वाचत. एक संपली की पदराखाली झाकून मला आणून देत. मी दातओठ खात वाचायची, पण वाचायची, कारण त्यातली एक गोष्ट मला अनुभवाने माहीत होती. माझ्याही काळजात तसा उजेड पडला होता. फक्त समोर पुरुष नव्हता. खोली होती.

ती तिसगावात मिशनच्या शाळेमागे होती. महायुद्धाचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार होती, आणि मी नुकतीच मुलींच्या वर्गावर शिक्षिका म्हणून लागले होते. माझे वडीलही मिशनचे मास्तर. दर दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली व्हायची आणि आमचं बिऱ्हाड कधी शाळेच्या ओसरीत तर कधी दुसऱ्या मास्तरांच्या पडवीत पडायचं. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांना कुणी भाड्याने जागा देत नसे. तोंडावर नाही म्हणत नसत. "पोरगा यायचाय नगरहून," म्हणत, आणि तो पोरगा कधीच येत नसे. मी वयात आले तीही लोकांच्या ओसरीत, आईने बांधलेल्या लुगड्याच्या आडोशामागे.

खोलीत नवल करण्यासारखं काही नव्हतं. मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं, पूर्वेला खिडकी आणि तिच्याशेजारी दिव्याचा कोनाडा. दार बेरकी होतं. नुसतं ढकलून लागत नसे. पायाचा अंगठा खाली घालून ते जरा उचलायचं आणि त्याच क्षणी खांद्याने रेटायचं. मला ते पहिल्याच दिवशी जमलं. मी आतून कडी घातली, जन्मात पहिल्यांदा, आणि तिथेच उभी राहून रडले. नियम असा होता की ही खोली एकट्या शिक्षकाची किंवा शिक्षिकेची. मी एकटी होते आणि मला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली आणि वडिलांनी माझं लग्न ठरवलं. मुलगा कर्जतकडचा, मिशनचाच मास्तर. मला विचारायची पद्धत नव्हती. तो चुलत्याबरोबर मला पाहायला आला, चहा प्याला आणि म्हणाला, "कुठल्या इयत्तेपर्यंत शिकवता?"

"तुमच्याइतकंच," मी म्हटलं.

त्याचे कान मोठे होते आणि ते लाल झाले. उजेडबिजेड काही पडला नाही. लग्न करून कर्जतला जायचं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी पडवीत, आणि आता सासू-सासऱ्यांसकट. मी आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं. दोघांनीही भिंतीने ऐकावं तसं ऐकून घेतलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात सूचना वाचतात. अमक्याचं लग्न तमकीशी व्हायचं आहे, कुणाची हरकत असेल तर आताच सांगा. कुणी सांगत नसतं. पाळकसाहेब श्वास घेण्यापुरते थांबतात आणि पुढचं गीत सांगतात. तिसऱ्या रविवारी नवऱ्याकडची माणसंही आलेली होती. मी बायकांच्या बाजूला, तो पुरुषांच्या बाजूला. पाळकसाहेबांनी सूचना वाचली, श्वास घ्यायला थांबले आणि मी उभी राहिले.

"माझी हरकत आहे."

त्यांनी चष्मा खाली केला. "अगं, तुझंच लग्न आहे."

"म्हणूनच."

"कारण काय?"

"मला माझी खोली सोडायची नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाळकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. इतक्या नायिका वाचूनही ही असली त्यांच्या बघण्यात आलेली नसावी. पाळकसाहेब म्हणाले, "हे कारण शास्त्रात बसत नाही. खाली बस."

मी बसलेही असते. वडिलांची मान खाली गेलेली दिसत होती. पण तेवढ्यात पलीकडून तो उठला, कान पेटलेले. "पाळकसाहेब, माझीही हरकत घ्या. जिला माणसापेक्षा भिंती प्याऱ्या आहेत तिच्याशी मला संसार करायचा नाही."

लग्न मोडलं. आईने मला दोन चपराका दिल्या आणि मग स्वतःच रडत बसली. वडील बोलेनासे झाले. मिशनच्या गोऱ्या मडमबाई आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं. त्या म्हणाल्या, "एकटी राहून तू बिघडलीस." त्यांनी माझी बदली पाथर्डीच्या पुढे, निजामाच्या मोगलाईच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात केली. तिथे एका म्हाताऱ्या विधवा शिक्षिकेबरोबर राहायचं होतं. ती झोपेतही मोठ्याने प्रार्थना करायची. आणि तिसगावच्या शाळेला मास्तर हवाच होता, तेव्हा माझी खोली कुणाला मिळाली असेल? त्याला. हरकत दोघांची, पण चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या दिवसांत मी त्याचा जितका द्वेष केला तितका त्याआधी कुणाचाच केला नव्हता. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी डोळ्यांपुढे तोच, माझ्या खिडकीत बसलेला.

बाजारोबाजारी बांगड्या विकत फिरणारी एक मणेरीण होती. तिसगाव करून ती आमच्याकडे यायची. एकदा माझ्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाली, "बाय, तिसगावच्या मास्तरानं इचारलंय, त्ये दार कसं लावत हुता तुमी? त्येला काय लागंना."

माझ्या अंगात बळ आलं. "त्याला म्हणावं, नाचता येईना अंगण वाकडं."

पुढच्या खेपेला उत्तर आलं. "म्हनतो, अंगन सरळ हाय, दारच वाकडं हाय. रातचा दगड लावून निजतो. कुत्रं येतं आत."

"कुत्र्याला म्हणावं, खुशाल राहा. त्याला तरी पारख आहे."

असं सुरू झालं. मी निरोप धाडला की दाराजवळच्या भिंतीत खिळा ठोकू नका, माती पोकळ आहे. तिकडून आलं, ठोकला, आणि भिंत शाबूत आहे. मी विचारलं, सकाळचं ऊन कुठपर्यंत येतं? आलं, अंथरुणापर्यंत, त्यामुळे झोप मोडते. माझ्या उन्हाला नावं ठेवतो! मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मणेरीण वैतागायची. "मी बांगड्या इकाया फिरते का तुमची भांडनं वाहाया?" म्हणायची. पण टोपली डोक्यावर घेताना हमखास विचारायची, "मंग, काय सांगू त्येला?" दार कसं लावायचं ते मात्र मी सांगितलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ती म्हणाली, "आता त्यो कोनाडा बुजवनार हाय म्हनं. लई मोटा इच्चू निघला त्यातनं."

मी रजा टाकली आणि तिसगाव गाठलं. कोनाडा बुजवतो म्हणजे काय? माझा दिवा, माझी फणी, पाळकीणबाईंच्या त्या भिकार कादंबऱ्या, सगळं दोन वर्षं त्यात राहिलं होतं. वाटेत मी त्याला काय काय बोलायचं त्याची उजळणी केली.

तो धाब्यावर होता, ऐन दुपारी, पांढरी माती पसरत. पावसाआधी ती घालावीच लागते, नाहीतर छप्पर गळतं. मी कधी इतकी जाड घातली नव्हती.

"खाली उतरा," मी ओरडले.

"तुम्हीच वर या. भांडायला इथे वारा आहे."

मी वर कशाला जाते? सरळ आत गेले. कोनाडा जागेवर होता. नव्याने सारवलेला आणि आत दिवा. तो खाली येऊन दारात उभा राहिला, कोपरापर्यंत मातीने भरलेला.

"बुजवणार होतात ना?"

"माती भिजवली होती. मग वाटलं, दिवा कुठे ठेवायचा?"

भांडायला आलेल्या माणसाच्या हातून भांडण काढून घेण्यासारखा अन्याय नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. खिळा दाराच्या चौकटीत होता, भिंतीत नव्हता. अंथरूण खिडकीपासून दूर हलवायला जागा होती, तरी ऐन उन्हात टाकलेलं. मग तो आत आला आणि मला काही दाखवायचं असल्यासारखं त्याने दार लावलं. अंगठा खाली, थोडंसं उचलून, खांद्याने रेटा. अगदी माझ्यासारखं. बाहेर शेजारच्या बाया टपलेल्या होत्या म्हणून लगेच उघडलंही. पण मी पाहिलं होतं, आणि तो माणूस मला त्या क्षणाइतका वाईट कधीच वाटला नव्हता. माझ्या आईलासुद्धा ते दार लावता येत नसे.

"मीही ओसरीतच वाढलो," तो म्हणाला. "तुम्ही हरकत घेतलीत तेव्हा मी ही खोली पाहिली नव्हती. तुमचं बरोबर होतं."

"मग मला परत द्या."

"नाही."

इतकं घट्ट, इतकं निर्लज्ज 'नाही' मी माझ्याच तोंडून एकदा ऐकलं होतं. काळजात जे काही व्हायचं ते तेव्हा झालं. उजेड नव्हता तो, संताप होता. पण आमच्या दोघांचा संताप एकाच गावचा होता.

"आता एकच मार्ग आहे," तो म्हणाला.

"मलाही दिसतोय. पण मी म्हणणार नाही."

"मी म्हणतो."

पुन्हा तीन रविवार सूचना वाचली गेली. प्रत्येक वेळी पाळकसाहेब माझ्याकडे बघत वाजवीपेक्षा जास्त थांबले. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. वडील लग्नात माझ्याशी बोलले. पाळकीणबाई हमसून हमसून रडल्या, आता त्यांच्या मनासारखं झालं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मडमबाईंनी आम्हाला एक घोंगडी भेट दिली आणि म्हणाल्या, "तुमची जामखेडला नेमणूक केली आहे. दोन खोल्यांचं घर आहे. तिसगावची खोली एकट्यासाठी असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. आम्हा दोघांना तो नियम पाठ होता, त्याच नियमाने तर आम्ही एकेकटे तिथे राहिलो होतो. पण खोली मिळवायची म्हणून लग्न करताना दोघांपैकी एकालाही तो आठवला नाही. कादंबरीतली माणसं इतकी मूर्ख नसतात. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान पांढरे पडले होते.

जामखेडचं घर चांगलं होतं. दार बोटाने ढकललं तरी लागायचं. मला त्या दाराचा संताप यायचा. दिवेलागणीला शाळेतून आलो की आमचं सुरू व्हायचं. तिसगावला या वेळी वारा कुठून यायचा यावर भांडण, कोनाडा हातभर खोल होता की वीतभर यावर भांडण. तो जास्त दिवस राहिला की मी, यावर तर अबोला. शेजारणी म्हणत, नवीन जोडप्याचं पटत नाही. आमचं फार पटत होतं. जामखेड दोघांनाही सारखंच आवडत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी आम्ही माझ्या आईला बघायला निघालो होतो. प्रवासी मोटार तिसगावात पाणी घ्यायला थांबली. दोघंही उतरलो आणि शाळेमागे गेलो.

दार उघडं होतं. आत एक नवी शिक्षिका केस विंचरत होती, माझ्यापेक्षा बरीच लहान. "कोण पाहिजे?" तिने विचारलं.

"कुणी नाही. आम्ही इथे राहत होतो."

"दोघं?"

"दोघं. म्हणजे, एकत्र नाही."

तिच्या कपाळावर आठी चढली. मी तोवर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं होतं. कोनाड्यात तिने आरसा ठेवला होता आणि दिवा खाली जमिनीवर. "दिवा तिथे नाही ठेवायचा," मी म्हटलं, "तो वर..."

"बाई," ती उठून समोर आली, "माझी खोली आहे ही."

तिने मला हाताने मागे सारलं आणि दार ढकललं. लागलं नाही. मग फटीतून तिच्या पायाचा अंगठा दिसला. दार जरासं उचललं गेलं, पलीकडून खांदा आदळला आणि आतून कडी पडली.

मी दारावर मूठ उगारली. इतका राग मला त्याचाही आला नव्हता. त्याने माझं मनगट धरलं, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. लग्नानंतर असं त्याने कधी केलं नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "तिची हरकत आहे."

मोटार निघून गेली होती. दुसरी संध्याकाळी होती. तोवर आम्ही बाहेर, खिडकीखालच्या सावलीत, त्या भिंतीला पाठ टेकून बसून राहिलो. त्या घरी आम्ही दोघं एकत्र राहिलो ते तेवढंच.