आईची धुतलेली चुंबळ

नागपूरजवळच्या हिंगण्यातल्या ज्या शेडमध्ये मी ग्रिलं जोडते, तिथल्या मालकांनी मागची एक भिंत मला पुतळ्यासाठी दिलीय. उरलंसुरलं लोखंडही. आभार मानायला गेलं की माझी जीभ जड होते, म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन शेड झाडते.

त्या भिंतीशी मी आईला उभं केलं. गावाहून आणलेले आईबाबांचे झिजलेले कोयते वाकवून, जोडून कंबर केली, पाठ केली, मान केली. आमचं गाव बीडकडचं. दिवाळी झाली की आईबाबा ऊसतोडीला निघायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी बरोबर. परत यावं तर वर्गातल्या पोरी पुस्तकाच्या शेवटाला पोचलेल्या. सहावीनंतर मी शाळेत गेलेच नाही.

पुतळ्याच्या डोक्यावर मला आईची खरी चुंबळ हवी होती. उसाच्या मोळीखाली घ्यायची जुन्या लुगड्याची ती गोल गुंडाळी, घामानं आणि रसानं काळी, चिकट झालेली. फोनवर मागितली. पुतळा नागपुरातल्या प्रदर्शनात ठेवणार, हेही सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "बघते." मला वाटलं, दुखावली. घरातले हाल चार लोकांत मांडायचा मला काय अधिकार?

पार्सल आलं. चुंबळ स्वच्छ! साबणाचा वास, वरून कोऱ्या जांभळ्या कापडाची पट्टी शिवलेली. मला रडूच फुटलं.

"काहून रडून राहिली वं?" मालक धावत आले.

"धुतली हो तिनं. सगळं गेलं."

"मग? लेकीले मळकं धाडते का कोणती माय? लाव तशीच."

उलटी करून पाहिली. मधला खळगा तसाच होता, आईच्या डोक्याएवढा. साबणानं तो गेला नव्हता.

प्रदर्शनाच्या सकाळी व्हिडिओ कॉल लावला. फोन पुतळ्याकडे वळवला. आई एवढी जवळ आली की पडदाभर तिचं कपाळच.

"अगं, वाकडी बसलीय ती. अशानं मान मोडंल माझी."

मी स्टुलावर चढले.

"डावीकडं. आणिक जरा. हां, बास." आणि मग वळून बाबांना हाक, "अवो, इकडं या. पोरीनं मला नागपुरात उभं केलंय, बघा."