निलेशच्या ओंजळीतलं पाणी

अजब अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्या हातात एक पत्रक ठेवलं असतं. खरंच ठेवलं असतं, माझ्या पिशवीत ती कायम असतात. मी न्हावऱ्याचा, तालुका शिरूर. वडील शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटणारे. बाकीची पोरं पतंग चिकटवायची तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायचो. करणी, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. तरी या वर्षी मे महिन्यात जे झालं, ते पदरचं काही न घालता लिहितोय.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र. मी, भीमेकाठच्या दौंडचा इरफान आणि घोडनदीकाठच्या इनामगावचा निलेश. इरफान टेम्पो चालवतो आणि तोंड त्याहून जास्त चालवतो. मला तो नावानं हाक मारत नाही, ‘पत्रक’ म्हणतो. निलेश एमआयडीसीत शिफ्टला जातो, पण घर मुळात भोयांचं. त्याचे वडील, म्हणजे आबा, घोडनदीत जाळं टाकायचे.

आबांची एक रीत होती. होडी काठापासून सुटली की वाकून ओंजळभर पाणी घ्यायचं, प्यायचं, आणि मगच जाळ्याला हात लावायचा. निलेश लहान असताना त्यालाही ते आपल्या ओंजळीतून पाजायचे. जे पाणी आपण पीत नाही त्यातलं काही घ्यायचं नाही, इतका साधा हिशेब. पुढे नदीला वरून काळं पाणी यायला लागलं, फेस यायला लागला. एक दिवस आबा वाकले, पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि सोडून दिलं. होडी काठाला आणली. त्यानंतर त्यांनी जाळं टाकलंच नाही. नदीसाठी मी तेव्हा सभा घेत होतो, निवेदनं देत होतो... पण आबांसारखा निषेध आमच्यापैकी कुणाला जमला नाही.

एकदा त्यांनी मला विचारलं होतं, “का रं, दर्यात मासं धरत्यात ती मानसं दर्याचं पानी पित्यात का?”

मी म्हणालो, नाही आबा, खारट असतं.

ते विचारात पडले. “मग जाळं कसं टाकत्यात?” गंमत म्हणून नाही, त्यांना खरंच त्या माणसांची काळजी वाटली होती.

उन्हाळ्यात एकदा दर्या दाखवायला नेतो, असं निलेशनं त्यांना कबूल केलं होतं. पण शिफ्ट, ओव्हरटाइम, रजा नाही... राहून गेलं. गेल्या हिवाळ्यात आबा वारले. तेव्हापासून निलेश आमच्याबरोबर काठावर आला तरी नदीकडे पाठ करून बसायचा.

कोकणात जायची कल्पना इरफानची. निलेश लगेच हो म्हणाला याचंच नवल वाटलं. ताम्हिणीत चहाला थांबलो तेव्हा त्यानं पिशवीतून आबांची गळाची दोरी काढून दाखवली. म्हणाला, “येकच मासा धरायचाय. दर्यातला. आबाच्या नावानं म्हना, काय बी म्हना.” ‘नावानं’ या शब्दावर मी एरवी भाषण दिलं असतं. इरफाननं माझ्याकडे बघितलं. मी चहा प्यायलो.

जागा श्रीवर्धन तालुक्यातली. दोन डोंगर समुद्रात घुसलेत आणि मधे लहानसा उपसागर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे येईल. इरफानच्या सासरच्या नात्यातले लतीफचाचा तिथे मासेमारी करतात. सकाळी उन्हं चढायच्या आत त्यांच्या होडीतून निघालो. पाणी संथ होतं. खडकांच्या अलीकडे चाचांनी इंजिन बंद केलं, नांगर टाकला, आणि आम्हाला गळाला लावायला कोळंबीचे तुकडे दिले.

निलेशनं गळ तयार केला. दोरी हातात धरली. आणि नुसता बसून राहिला.

“काय मुहूर्त बघतो का?” इरफान म्हणाला. “पत्रक तुला खाली ढकलंल.”

“पानी पिलो न्हाई अजून,” निलेश म्हणाला.

मग आमच्या लक्षात आलं. इरफाननं गुपचूप पाण्याची बाटली पुढे केली. निलेशनं ती बाजूला सारली. “ह्याचं प्यायला पायजे.”

मी समजावलं की मळमळेल, उलट्या होतील, आबांनासुद्धा हे चाललं नसतं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “येक घोट घेतो. उतरला तर गळ टाकतो. न्हाई उतरला तर चाचांना म्हनावं, होडी फिरवा. न पिता न्हाई टाकायचा.”

म्हणजे इतक्या लांब येऊन, आबांची दोरी कोरडीच परत न्यायची. आणि ती पुन्हा कधी पिशवीतून बाहेर आली नसती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो वाकला. ओंजळ भरून तोंडाला लावली. आता थुंकेल, मग थुंकेल म्हणून आम्ही बघत होतो. त्यानं सगळी ओंजळ संपवली. मग पुन्हा वाकून ओंजळ भरली, सांडू नये म्हणून हात छातीशी धरत माझ्यापर्यंत आला, आणि म्हणाला, “पी.”

चेष्टा असेल असं वाटलं. पण त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मी त्याच्या हातातून प्यायलो.

गोड होतं.

साखरेसारखं नव्हे, नदीसारखं गोड. मे महिन्यातल्या समुद्राचं पाणी कोमट होतं, हे गार होतं. ओल्या वाळूचा आणि किंचित शेवाळाचा वास. लहानपणी इनामगावला पोहायला जायचो तेव्हा नाकातोंडात जायचं, ते पाणी.

मी लगेच माझी ओंजळ भरून प्यायलो. घसा जाळणारं मीठ. पुन्हा भरली, पुन्हा मीठ. निलेशनं जिथून ओंजळ भरली होती तिथंच बाटली रिकामी करून बुडवली... खारट. तोवर निलेशच्या ओंजळीत उरलेलं इरफान प्यायला होता. त्यानं दाढी पुसली आणि डोंगराकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्या भीमेचं हाय.”

“घोडच मिळती की तुमच्या भीमेला,” निलेश म्हणाला.

मी चाचांना विचारलं, इथे खाली गोड्या पाण्याचा झरा आहे का? ते म्हणाले, नाही, ते लहानपणापासून याच पाण्यात आहेत. वरचा ओढा होळीनंतर आटतो. निलेशनं त्यांच्यासाठीही ओंजळ भरायला हात खाली नेला, तर त्यांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं. तुमच्या घरचं आहे, तुम्हीच घ्या, म्हणाले.

निलेशनं ओंजळ भरून स्वतः घोट घेतला आणि फर्रकन थुंकला. “संपलं,” म्हणाला, आणि हसला. आबा गेल्यापासून पहिल्यांदा.

मग त्यानं गळ टाकला. बऱ्याच वेळानं दोरी ताणली. शिंगाळा होता, आमच्या नदीतल्या शिंगट्यासारखाच मिशांचा. काटा चुकवून कसा धरायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. एक मासा घेतला आणि दोरी गुंडाळली. आमच्या दोघांचे गळ तसेच कोरडे राहिले. चाचांच्या घरी त्या एका माशाचं कालवण आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं.

मी कारणं शोधली. दुःखात माणसाला भास होतो, पण तिघांना? समुद्राच्या तळाशी झरे असतात, पण मग माझ्या ओंजळीत का नाही? ती बाटली घरी आणली. अजून खारटच आहे. शेवटी वडिलांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “निलेशला बरं वाटलं का?” हो म्हणालो. मग म्हणाले, “लिही. पण गावाचं नाव घालू नकोस. लोक तिथं नारळ घेऊन जातील.”

मागच्या आठवड्यात नदीच्या पाण्याबद्दल तहसीलला बैठक होती. निलेश अशा बैठकीला कधी येत नाही, या वेळी सुट्टी टाकून आला. नदी स्वच्छ म्हणजे नेमकी किती स्वच्छ हवी, असं साहेबांनी विचारलं. मी कागद चाळायला लागलो. तेवढ्यात निलेश उठला.

“पिता यायला पायजे,” तो म्हणाला. “आमी पिलोय.”

साहेब हसले. “घोडनदीचं? कधी?”

“ह्याच मे महिन्यात.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पुराव्याशिवाय कुणी काही बोललं की हरकत घेणारा तिथे मीच असतो. मी हरकत घेतली नाही. माझ्याकडे अजूनही सांगण्यासारखं कारण नाही... आणि ते पाणी मी प्यायलोय.