दस्तगीरचाचांची एकट्याची सही

चाचांच्या रेश्माचा फोन आला तेव्हा मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर करत होतो. "वसंतकाका, अब्बा गेले... पहाटे नमाजाला उठले, वजू करून बसले आणि बसल्या जागी..." या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण चाचांवर लिहायचं आणि तेवढंच लपवायचं हे जमणार नाही. दुःख नंतर आलं. आधी आलं ते असं, की मी काय केलं हे माझ्या डोळ्यांत बघून सांगू शकणारा माणूस आता उरला नाही. सुटलो... असं वाटलं मला.

दस्तगीरचाचा लक्ष्मीपुरीतले जुने बुकबाइंडर. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांची जाडजूड पुस्तकं, देवळातल्या फाटक्या पोथ्या, सगळं त्यांच्याकडं यायचं. दुकानात शिरलं की खळीचा आंबूस वास नाकात भरायचा. तरुणपणी तीच खळ बादलीत घेऊन ते पक्षाची पोस्टरं चिकटवत गावभर फिरले आणि तिथंच पक्षाला चिकटले, असं ते हसून सांगत. तिकीट त्यांनी कधी मागितलं नाही, कुणी दिलंही नाही. पण पक्षात दोघांचं वाजलं की त्यांना चाचांच्या दुकानात आणून बसवायचं, हा रिवाज होता. त्यांचा एकच नियम. "माघारी बोललेलं मी ऐकत न्हाय. त्यो समोर बसला की सांग." एकदा डिजिटल बोर्डावर कुणाचा फोटो मोठा यावरून दोन शाखाप्रमुख हातघाईवर आले होते. चाचांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाले, "आता ह्याची तक्रार त्यानं सांगायची, आन् त्याची ह्यानं." दुसऱ्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडानं सांगताना दोघंही अडखळले, मग हसू लागले. चहा पिऊन एकाच गाडीवरून गेले.

म्हणूनच पक्षाच्या शहर शिस्तपालन समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. तिघांची समिती. चाचा, शहराध्यक्षांचे एक जुने स्नेही आणि मी. मला का घेतलं हे मला ठाऊक होतं. माझं दुकान ज्या गाळ्यात आहे तो गाळा शहराध्यक्षांचा. मी मुळातच भित्रा. बैठकीत मागच्या रांगेत बसणारा, हात वर करायच्या आधी शेजारी कुणाचा हात वर गेलाय का बघणारा.

गेल्या महापालिका निवडणुकीत आमच्या वॉर्डातून शहराध्यक्षांच्या पुतण्याला तिकीट मिळालं. ते खरं तर सुनंदाताईंना मिळायला हवं होतं. अठरा वर्षं घरोघर फिरलेली बाई. तिकीट गेल्यावर त्या भर बैठकीत म्हणाल्या, "माझं काय चुकलं एवढं सांगा, मग मी पुतण्याचं काम करते." कुणी सांगितलं नाही. तरी त्यांनी काम केलं. पुतण्या पडला, आणि खापर ताईंवर फुटलं. मतदानाआधीचे चार दिवस त्यांनी लपूनछपून पक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बंडखोराचा प्रचार केला, असा आरोप. ताईंचं म्हणणं, आई घसरून पडली म्हणून त्या चारही दिवस चंदगडला, माहेरच्या गावी होत्या.

"मग जाऊन बघू की," चाचा म्हणाले. एस.टी.नं आम्ही दोघं गेलो. घाटातली वळणं, बाहेर सगळं धुक्यात. सत्तरीचे चाचा खिडकीला डोकं टेकून ओकारी दाबत बसले होते, पण परत फिरू म्हणाले नाहीत. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ताईंना लगेच ओळखलं. "त्या व्हय? चार रात्री हितंच फरशीवर झोपल्या की. आईचं पाय चेपत." म्हातारीच्या केसपेपरवर ताईंची सही होती, रोजची. येताना चाचा एवढंच म्हणाले, "वसंता, झालं आपलं काम." मला वाटलं, खरंच झालं.

दोन दिवसांनी शहराध्यक्ष स्वतः माझ्या दुकानात आले. आवाज चढवला नाही. स्टुलावर बसले, चहा घेतला. "वसंतराव, गाळ्याचा करार संपत आला न्हवं? बघू, करू कायतरी." मग जाता जाता म्हणाले, "पोरगी कॉलेजला जाती न्हवं? सव्वासातच्या बसनं येती. स्टॉपवर लाईट न्हाय हो तिथं... सांभाळून यायला सांगा." ते गेल्यावर मी मशीनचं झाकण उघडलं आणि कागद कुठं ठेवायचा तेच सुचेना. मुलगी किती वाजता येते हे मलाही नक्की माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी सातलाच मी स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. बस आली ती सव्वासातलाच.

दुसऱ्या दिवशी चाचांकडं गेलो. बाकावर दोन अनोळखी माणसं बसली होती. ती उठून जाईपर्यंत चाचा पुठ्ठे कापत राहिले. मग म्हणाले, "तीन दिस झालं येत्यात. बोलत न्हाईत, मागत न्हाईत. दुपारी येत्यात, बसत्यात, सहाला जात्यात. मी आपला चहा देतोय." त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. पन्नास वर्षं दाभण चालवणाऱ्या माणसानं स्वतःला टोचून घेतलं होतं. मी मुलीचं सांगितलं. म्हणालो, "चाचा, मला भ्या वाटतंय."

"मला न्हाय व्हय वाटत? रातीला रेश्माला दोनदा कडी बघायला लावतोय." त्यांनी बाकावरचे रिकामे कप उचलले. "भ्यायचं तर भ्या. पर जी बाई चंदगडात हुती ती हितं हुती, असं कसं लिवायचं?"

रविवारी सकाळी पक्ष कार्यालयात बैठक झाली. ताईंना सहा वर्षांसाठी काढून टाकायचा ठराव आधीच तयार होता. तो माझ्याच दुकानातून निघाला होता. मजकूर व्हॉट्सॲपवर आला, मी छापून दिला. तिसऱ्या सदस्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. माझी सही नसती तर ठराव पडला असता. चाचा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, घाईनंही नाही. शहराध्यक्षांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला, एवढंच. मला स्टॉपवरचा तो अंधार दिसला. मी सही केली.

चाचांनी कागद ओढून घेतला आणि आपल्या ठळक अक्षरात खाली लिहिलं : 'मी चंदगडला जाऊन आलो. बाई तिथेच होत्या. मला हा ठराव मान्य नाही.' त्याखाली एकट्याची सही. मी समोर बसून ते उलटं वाचलं. 'आम्ही' नव्हतं, 'मी' होतं. आयुष्यभर दोन्ही बाजू मांडायला लावणाऱ्या माणसानं मला वाचवायला म्हणून एक गोष्ट लपवली होती.

पुढच्याच आठवड्यात त्यांना समितीवरून काढलं. मी त्यांच्या गल्लीतून जायचंच सोडलं, पोस्टात जायलाही लांबचा वळसा घ्यायचो. शेवटची भेट भाजी मंडईत झाली. मी तोंड चुकवत होतो, त्यांनीच हाक मारली. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "पोरगी बरी हाय न्हवं?" मी मान हलवली. "मग झालं," म्हणाले, आणि मेथीची जुडी घेऊन गेले.

शोकसभा पक्ष कार्यालयातच झाली. हार घातलेला फोटो, मागं बॅनर. सुनंदाताई बाहेर जिन्यावर उभ्या होत्या, त्यांना आत यायची मुभा नव्हती. शहराध्यक्ष बोलले, "चाचांसारखा निष्ठावंत होणं न्हाय. पक्षाच्या प्रत्येक निर्णयामागं ते ठामपणे उभं ऱ्हायलं." लोकांनी माना डोलवल्या. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. पुढं जाऊन मी माईक हातात घेतला. "चंदगडला चाचा एकटे गेले नव्हते," मी म्हणालो, "मी सोबत होतो. ताई तिथंच होत्या. मला माहीत होतं. तरी मी खोट्या ठरावावर सही केली." कुणीतरी माईक बंद केला. मी माईकशिवाय तेच पुन्हा म्हणालो, यावेळी जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं. शहराध्यक्ष ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते फोनमध्ये बघत राहिले.

बाहेर ताई होत्या. म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी बोलला असता तर चाचा ऐकून गेले असते."

पुढं जे व्हायचं होतं ते झालं. गाळा सोडायला सांगितलं. बायकोनं मुलीला कबनूरला मामाकडं पाठवलं. मी जिल्हा कार्यालयाला सगळं लिहून कळवलं, चाचांनी लिहिलेल्या त्या ओळींची, ठरावाच्या झेरॉक्स काढताना ठेवून घेतलेली प्रत जोडली, आणि तिथून पत्र आलं की ताईंची सुनावणी नव्यानं होईल. मशीन कुठं ठेवायचं या विचारात असताना रेश्मा आली आणि म्हणाली, "काका, अब्बांच्या दुकानात निम्मी जागा मोकळीच हाय." आता मी तिथं बसतो. रेश्मा पलीकडं वह्या शिवते. भिंतींतून अजून खळीचा वास येतो. रस्त्यावर गाडी थांबली की माझे हात थांबतात, आणि ती पुढं गेली की पुन्हा चालू होतात.

काल सुनंदाताई आल्या. सुनावणीचे कागद होते, आईचा केसपेपर वर. "तीन प्रती काढा," म्हणाल्या. त्यांनी प्रत्येक पान उजेडात धरून तपासलं, पिशवीत घातलं. मग दारात थांबल्या.

"रविवारी येणार न्हवं साक्षीला?"

"येणार."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "बघू," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.